तोच लेख, नव्याने

“आई, तो लॅपटॉप दे इकडे,” बूटही न काढता मुलगी आत शिरत म्हणाली.

आई खिडकीजवळच्या टेबलाशी बसली होती. तिने लॅपटॉप दिला नाही. मिटलेल्या झाकणावर नुसता तळहात ठेवला.

“फोन का उचलत नाहीस सकाळपासून? ब्लॉगवर काय चाललंय ते बघितलंस का?”

“बघितलं.”

मुलीने आपल्या फोनवर तो ब्लॉग पुन्हा उघडला. लवकर निवृत्ती घेऊन मजेत कसं जगावं, याबद्दल आई दर शुक्रवारी त्यावर लिहायची. हॉस्पिटलातली फार्मसिस्टची नोकरी तिने पंचावन्नाव्या वर्षी सोडली तेव्हा ज्यांनी तिला वेड्यात काढलं होतं, तेच आता तिचे लेख एकमेकांना पाठवत असत. या शुक्रवारचा लेख होता पोहण्याच्या तलावात खोल बाजूला पहिल्यांदा गेल्याचा. गेल्या शुक्रवारचाही तोच. खाली वाचकांना चेव आला होता. ‘मॅडम निवृत्त, आता लेखही निवृत्त!’ ‘खोल पाणी फारच मानवलेलं दिसतंय, पुन्हा उडी?’

“चुकून तोच परत टाकला गेला असणार,” मुलगी म्हणाली. “मी काढून टाकते. दोन मिनिटांचं काम आहे.”

“टाकला गेलेला नाही. नीट वाच.”

मुलीने दोन्ही लेख वाचले. पहिल्यात पाणी थंडगार होतं, दुसऱ्यात नुसतं गार. प्रशिक्षिकेची शिट्टी पहिल्यात शेवटी वाजत होती, दुसऱ्यात सुरुवातीलाच. पायाखालची फरशी संपल्यावर पोटात पडलेला खड्डा मात्र दोन्हीकडे सारखाच होता, आणि पलीकडची कड हाताला लागल्यावरचा आनंदही. आईने लेख पुन्हा टाकला नव्हता. पहिल्या अक्षरापासून बसून पुन्हा लिहिला होता.

मुलीने खुर्ची ओढली आणि ती बसली.

“आधी लिहिलंय हे आठवलंच नाही तुला?”

“नाही. काल एका बाईंनी लिहिलं तेव्हा कळलं. आधी तर मला त्या बाईचाच राग आला.”

बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात एक बशी होती. कधीच कोरडी झालेली ती बशी ते फडक्याने पुसत होते.

“डॉक्टरांकडे आधीच जाऊन आलोय आम्ही,” ते म्हणाले. “तपासण्या झाल्या. विस्मरणाचा आजार आहे. सुरुवात आहे म्हणाले. गोळ्या चालू केल्यात.”

“आणि मला कोणी सांगितलं नाही?”

“मी फोन करणारच होतो गं. पण ही म्हणाली, माझी मी सांगते.” बाबा घुटमळले. “मग विसरली.”

आधी आईलाच हसू फुटलं. मग बाबाही हसले, आणि मुलगी हसता हसता बाहीने डोळे पुसू लागली.

पुसून झाल्यावर तिने कंबर कसली. “ठीक आहे. मग तर बंदच करू या ब्लॉग. निरोपाचा छानसा लेख मी लिहून देते, खाली तुझं नाव घालू. लोकांत शोभा नको.”

“शोभा कसली त्यात?” आई म्हणाली. “म्हातारपणी चांगलं कसं जगायचं, हे मी इतकी वर्षं लोकांना शिकवतेय. पोहा, हिंडा, नवीन काही शिका. सगळं सोपं सोपं. आता कुठे अवघड प्रश्न आला, तर कोरा पेपर देऊन उठू?”

“उद्या काही भलतंच लिहिलंस तर?”

“तर लोक सांगतील. टपलेलेच तर असतात.”

“आई, मी चेष्टा करत नाहीये.”

“मीही नाही.” चिठ्ठीशिवाय औषध मागायला आलेल्यांना काउंटरवरून परत पाठवताना आईचा असाच आवाज लागायचा. “दोन्ही लेख राहू देत. मला काय झालंय ते लोकांना माझ्याकडूनच कळेल, आजच कळेल. मला लिहिता येतंय तोवर मीच लिहिणार. येईनासं झालं की मग तू खुशाल बंद कर. तेव्हा मी नाही भांडायची.”

मुलीने बाबांकडे बघितलं. बाबांनी नुसते खांदे उडवले. घरात हा आवाज लागला की ते मधे पडत नसत.

आईने झाकण उघडलं, चष्मा चढवला आणि दोन बोटांनी टाइप करायला घेतलं. मुलगी मागून वाचत होती. ‘तुम्हाला तोच लेख दोनदा वाचावा लागला. तो मी दोनदा लिहिला, कारण पहिल्यांदा लिहिल्याचं मला आठवत नव्हतं. मला विस्मरणाचा आजार झाला आहे.’ आईने पूर्णविराम दिला आणि तिथे न थांबता ती पुढे गेली. ‘नोकरी सोडली तेव्हा अंगात धमक होती. म्हणून ही सगळी वर्षं भरभरून मिळाली. लवकर निवृत्त झाल्याचा मला कधीच’

इथे बोटं थांबली.

बाबा जवळ आले. आईचे ओठ हलत होते. एक बोट एका अक्षरावर गेलं, मागे आलं, दुसऱ्यावर गेलं.

पश्चात्ताप. मुलीच्या अगदी जिभेवर आलं होतं. तिने तोंड उघडलं आणि आईच्या ताठ मानेकडे बघून पुन्हा मिटलं.

आईने मधे एका शब्दाची जागा रिकामी सोडली, पुढे ‘झाला नाही’ एवढं टाइप केलं आणि पूर्णविराम दिला.

“काय बरं तो शब्द,” ती म्हणाली. “आठवत नाहीये. पण झालेला नाही, एवढं नक्की.”