भलत्या रंगाचा मणी

मणी ओवायचं किचकट काम आपल्याच्यानं व्हायचं नाही, आपण माळा फक्त विकू, असं सुनेनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. पण पुढे सासूबाई नजर अधू झाली म्हणू लागल्या. दर माळेत एक तरी मणी भलत्याच रंगाचा पडू लागला. गिऱ्हाइकापुढे त्यांचं हसं नको, म्हणून त्या दुपारी लवंडल्या की सून गुपचूप गाठ सोडून माळ नव्यानं ओवायची.

वर्षभरानं सासूबाईंनी एक माळ हातात घेतली. “ही गाठ तुझी. चांगली बसलीय.”

सून चपापली. “तुम्हाला हल्ली दिसत नाही, म्हणून...”

सासूबाईंनी सगळ्यांत बारीक सुई उचलली, चष्म्याशिवाय एका झटक्यात दोरा ओवला आणि सुई तिच्या हातात दिली. “आता तूच ओव. मुद्दाम चुकणं हे काय कमी किचकट काम आहे?”