लाल किटली

पारगावचा पूल ओलांडून गाडी उसाच्या पट्ट्यात शिरली आणि पुढून खडखड ऐकू यायला लागली. हनुमंतानं काच खाली करून कान दिला. आवाज वाढत गेला, एक मोठा आचका बसला आणि गाडी रस्त्याच्या कडेला गप्प झाली.

मागं त्याची आई सगुणाबाई नवऱ्याचं डोकं सांभाळत बसली होती. ही इस्टेट गाडी जुनी होती, पण मागची सीट दुमडून पाडली की आतलं सगळं अंग सपाट व्हायचं. कांद्याची पोती, पेंडीची पोती, एकदा तर लेकीच्या लग्नातलं कपाटही तिथं आडवं मावलं होतं. आज घोंगडी अंथरून भैरू निजला होता. डोकं पुढच्या सीटांकडं, पाय मागच्या दाराला टेकलेले. दौंडच्या डॉक्टरांनी सकाळी सांगितलं होतं, आता घरी न्या. भैरूनं ते ऐकलं होतं. "केंदूरला न्या. माज्या वट्यावर ठिवा," एवढंच तो म्हणाला होता.

हनुमंतानं बॉनेट उघडलं. तेल बघायची पट्टी ओढली, तर ती कोरडी. खाली वाकला. इंजिनाच्या पोटाला तेलाचा ओघळ होता. तो पुन्हा येऊन बसला आणि चावी फिरवली. काही झालं नाही. पुन्हा फिरवली आणि तशीच सोडून दिली.

"काय रं?"

"तेल सगळं गेलं, आई. जाम झाली. किटली पेटली आसंल कवाधरनं. दिसलीच न्हाई."

सगुणाबाईला किटली ठाऊक होती. स्टेअरिंगमागच्या काचेत तेलाच्या बुधलीचं लहानसं चित्र होतं, हुबेहूब चहाच्या किटलीसारखं. इंजिनातलं तेल उतरलं की ते लाल पेटायचं, पण गाडी घेतली तेव्हापासून उगाचच पेटायचं. तिचं ऐकू नका, ती खोटी आहे, असं दौंडचा मेस्त्री म्हणाला होता. पहिल्याच दसऱ्याला गाडी पुजताना सगुणाबाईनं तेलात कालवलेल्या कुंकवाचं बोट नेमकं तिच्यावर ठेवलं. डोळं वटारून बघती मेली, म्हणाली होती. मग दर दसऱ्याला त्याच जागी बोट. कुंकवानं चांगली जाड खपली धरली. हनुमंत सगळी गाडी पुसायचा, तेवढी जागा सोडायचा. आईनं लावलेलं कुंकू कोण पुसणार?

"थांबली का?" भैरूनं डोळे न उघडता विचारलं.

"म्हसरं आडवी आल्यात," सगुणाबाई म्हणाली.

हनुमंत रस्त्यावर जाऊन हात करू लागला. ऊस भरलेला ट्रॅक्टर न थांबता गेला. बऱ्याच वेळानं एक टेंपो थांबला. ड्रायव्हरनं उतरून मागच्या काचेतून आत डोकावलं आणि लगेच मान मागं घेतली.

"भाऊ, म्हाताऱ्यात काय राह्यलंय का?"

"केंदूरपत्तर चला. म्या मांडीवर घिऊन बसतो."

"आन् वाटंत काय झालं मंग? माज्या गळ्यात येतंय ते." तो जरा घुटमळला. "न्हावऱ्यात सांगतो कुणाला तरी."

टेंपो गेला. न्हावऱ्याकडून कुणी आलं नाही.

"लई म्हसरं हायेत," भैरू म्हणाला.

"व्हय."

"एकीच्याबी गळ्यात घुंगरू न्हाई?"

सगुणाबाईनं ओला फडका त्याच्या ओठांवरून फिरवला. जन्मभर मेंढरांमागं हिंडलेल्या माणसाला तिनं जनावरांचं खोटं सांगितलं होतं. भैरूनं हात सरकवून गाडीचा पत्रा चाचपला.

"गाडी घेतली तवा म्या म्हनलंवतं न्हवं, माणूस उताणा निजंल येवढी हाय?"

"म्हनला व्हता तुमी. समदी हसली व्हती."

"मापाची निघाली."

ऊन उसाच्या शेंड्यांवरून उतरलं. गाडीत अंधारून आलं. त्याचा हात तिच्या हातात जड होत गेला. तिनं त्याच्या नाकापुढं तळवा धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

हनुमंत धावत आला. "आई, जीप येतीया. दिवं दिसत्यात. आप्पांना म्हन, जरा दम धरा."

"आता घाई न्हाई, बाळा."

तो दार धरून उभा राहिला. मग पुढं बसला आणि स्टेअरिंगवर कपाळ टेकलं. थोड्या वेळानं, सवयीनं, त्याचा हात चावीकडं गेला.

"राहू दे," सगुणाबाई म्हणाली. "काढू नगंस ती."

ती दोन सीटांमधून पुढं वाकली. त्याच्या खांद्यावरून हात नेऊन काचेवरचं कुंकू नखानं खरवडू लागली. वर्षानुवर्षांचं कुंकू, सहजी निघेना.

"आई, आगं..." हनुमंत म्हणाला.

खपली निघाली. खाली किटली पेटलेली होती. लहान, लाल, जराही न हलणारी.

"उशाला दिवा लागतो," ती म्हणाली.

जीप आली. तिचा उजेड भैरूच्या पायांवरून सरकत गेला आणि ती न थांबता पुढं निघून गेली. सगुणाबाई मागं सरकून नवऱ्याच्या डोक्याशी बसली. तिच्या नखांत कुंकू भरलं होतं. ते तिनं पदराला पुसलं नाही. हात तसाच मांडीवर उताणा ठेवला.