लाल होईपर्यंत

मेहुणा शेवटी घर सोडून गेला. डाळिंबासारख्या लालबुंद रोपांचा ट्रे छातीशी धरून, एकेक पायरी चाचपत जिना उतरला आणि गेला. पण हे घडलंच नाही असं तूर्त धरून चालू. त्या घरातली माणसंही तसंच धरून चालतात.

तर मेहुणा हॉलमध्ये चटईवर पडला होता, डोळ्यांवर टॉवेल टाकून. उशाशी दिवा जळत होता. साधासुधा नव्हे, ऑपरेशनच्या खोलीत शोभावा असा. दिव्याखाली ट्रे आणि ट्रेमध्ये माशा खाणारी रोपं. प्रत्येक पानाच्या टोकाला जबडा, जबड्याला दात. जबडे आतून लाल व्हायला हवे होते. ते पालकासारखे हिरवे होते.

लाल फक्त मेहुण्याचे डोळे झाले होते.

बहिणीकडे तो चार दिवस म्हणून आला, त्याला वर्ष होत आलं. नर्सरी बुडाली आणि तो ट्रेसकट ताईच्या दारात उभा राहिला. इमारतीत त्याला नाव असं उरलंच नाही; वॉचमनपासून सगळे मेहुणाच म्हणत. सुटकेचा रस्ता एकच होता. सरकारी बागेतल्या काचघराला माणूस हवा होता आणि मागे राहायला खोलीही होती. बागप्रमुख बाईंनी अट घातली होती, "आधी ही लाल करून दाखव. हिरवं काय, माझ्याकडे गवतही आहे."

लाल करायची रीत त्याला तोंडपाठ होती. कडक उजेड, निकस माती, पावसाचं पाणी आणि उपास. खायला मिळालं की रोप सुखावतं, हिरवंगार होतं. उपाशी ठेवलं की त्याला लाली चढते.

घरच्यांनी मदतीत कसूर केली नाही. दिवा तर भावोजींनीच आणला होता. भावोजी कचेरीत आवकजावक सांभाळत आणि घरीही त्याच भाषेत बोलत.

"सदर रोपांचा प्रगती अहवाल?" रोज संध्याकाळी बूट काढताना ते विचारत.

"हिरवी आहेत, भावोजी."

"म्हणजे मुक्काम कायम. नोंद घेतली."

मग ते आणि ताई चहाचे कप घेऊन जिन्यावर जाऊन बसत. त्या उजेडात हॉलमध्ये बसणं माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं. दार लोटलेलं असलं तरी आतवर ऐकू यायचं.

"टूथपेस्ट मधोमध दाबतो तुझा भाऊ."

"आणि घोरणं? लहानपणी आमचा कुत्रा शेजाऱ्यांकडे झोपायला जायचा."

"काल माझा पायजमा घालून फिरत होता."

"तो होता का? मला वाटलं, तुम्हीच बारीक झालात."

मग दोघं खो खो हसत. मधूनच भावोजी गुंडाळलेल्या वर्तमानपत्राने फटकन एखादी माशी मारत. आत टॉवेलखाली मेहुण्याला मेल्याहून मेल्यासारखं होई. तो आला तेव्हा या घरात इतकी शांतता होती की फ्रिज सुरू झाला तरी दचकायला व्हायचं. आता त्याच्यापायी रोज दोन-दोन तास कागाळ्या. भल्या माणसांच्या संसारात आपण बिब्बा घातला, असं त्याला वाटे. मग तो कूस बदले, आणि उजेड दुसऱ्या बाजूने डोळ्यांत घुसे.

जबडे काही लाल होईनात. उलट रोज एखाददुसरा घट्ट मिटलेला दिसे. त्याने खिडकी बंद केली. ट्रेवर जाळी घातली. तरी मिटायचे ते मिटतच राहिले.

शेवटी तो एक रोप घेऊन बागेत गेला. बागप्रमुख बाईंनी मिटलेला जबडा नखाने उघडला. आत माशीचं रिकामं टरफल होतं.

"कुणीतरी भरवतंय याला."

"शक्यच नाही, बाई. घरात दोघंच, आणि दोघंही मी कधी टळतो याची वाट बघतायत."

"मग या रोपांवर कुणाचा तरी जीव आहे." बाईंनी रोप परत दिलं. "महिनाभर थांबते. मग जागा दुसऱ्याला."

तो रोज बागेत चक्कर मारायचा आणि एरवी दिवेलागणीला परतायचा. त्या दिवशी भर दुपारीच घराकडे वळला. या वेळेला भावोजी कचेरीत असत, ताई तिच्या शिवणवर्गात. संध्याकाळी दोघांना स्पष्ट सांगायचं त्याने ठरवलं होतं: रोपं गेली खड्ड्यात, मी कुठेही पथारी टाकतो, पण तुम्ही तुमच्या हॉलमध्ये बसा.

त्याने किल्लीने हळूच दार उघडलं.

दिव्यासमोर दोघं उकिडवी बसली होती. जाळी बाजूला काढलेली. ताईच्या हातात काडेपेटी, भावोजींच्या हातात चिमटा.

"डावीकडच्याला दिली?"

"त्याला कालच. आज याची पाळी."

"एवढी मोठी नको. घशाशी येईल त्याच्या."

ताईने काडेपेटीतून बेताची माशी निवडून दिली. भावोजींनी ती जबड्यात ठेवली आणि तो मिटल्यावर बाहेरून बोटाने हलकेच चोळू लागले. मेलेली माशी चोळल्याशिवाय पचत नाही, हे मेहुण्यानेच त्यांना एकदा हौसेने सांगितलं होतं.

"भावोजी," तो म्हणाला.

फ्रिज सुरू झाला आणि तिघंही दचकले.

ताईने काडेपेटी मुठीत लपवली आणि नवऱ्याकडे पाहिलं. भावोजी गुडघ्यावर हात टेकून उठले, चिमटा खिशात घातला आणि साहेबांसमोर उभं राहावं तसे मेहुण्यासमोर उभे राहून घसा खाकरला.

"सदर इसम निघून गेल्यास अर्जदार पती-पत्नीस आपसांत बोलण्यासाठी अन्य विषय उपलब्ध नाही, सबब त्यास आणखी एक वर्षाची मुदतवाढ मिळावी, ही नम्र विनंती."