इंजिनाचे लाड

धडगाव-तळोदा जीप चालवणाऱ्या धर्मेंद्रने इंजिन ऑइलपायी मेकॅनिकचं डोकं खाल्लं. घाटात गाडी दाबून पळवायची, तर तापल्यावरही पातळ न होणारं तेल पाहिजे! पंधरा-चाळीस ग्रेड की वीस-पन्नास, यावर हुज्जत घालून शेवटी त्याने जाड वीस-पन्नास ओतून घेतलं. त्याच भरवशावर आज नऊ जणांच्या जीपमध्ये अठरा माणसं कोंबली. त्यांत पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघालेली भूमिका होती आणि तिला न्यायला आलेली तिची आई, तापीबाई.

घाटाचा चढ लागला, इंजिन जरासं घरघरलं आणि धर्मेंद्रने कान टवकारले. त्याने जीप बाजूला घेतली.

"उतरा रे सम्दा! चढवर इंजिनले लोड येस. वर जाईसन बसा."

"अरे भाऊ, मन्ही पोरले आठवा महिना शे!" तापीबाई ओरडली.

"मंग सावकाश चाला ना मावशी. मी काय पळाले सांगी ऱ्हायनू का?"

रिकामी जीप भुर्रकन वर गेली. भूमिका एका हाताने पोट आणि दुसऱ्याने आईचा खांदा धरून, वळणावळणाला बसत, उन्हातून चढत राहिली. सगळ्यांच्या शेवटी ती वर पोचली, तेव्हा धर्मेंद्र बॉनेट उघडून गमछ्याने इंजिनाला वारा घालत होता. तिने दाराला हात लावला तसा तो कळवळला.

"लगेच बसू नका ताई. दमी गयं शे ते बिचारं."