वाढत्या अंगाचे

“नुसता नंबर द्या. पानं उलटत बसू नका,” हेडमास्तर म्हणाले.

शाळेच्या दारात युद्धात गेलेल्या विद्यार्थ्यांची नावं दगडावर कोरायची होती. त्यांत त्यांचा मुलगा छोट्याही होता. नौदलात गेला, वर्षभरात जहाजाबरोबर बुडाला; त्याला तीस वर्षं झाली. नावाखाली भरतीचा नंबर हवा होता. रिटायर होऊन जमाना लोटला, तरी हेडमास्तरांचा आवाज अजून वर्गातलाच होता.

रेकॉर्ड ऑफिसातल्या बाईंनी फायलीची नाडी सोडली.

“पळून गेला कार्टा,” हेडमास्तर त्यांना सांगू लागले. “माझ्या कपाटातला कोरा दाखला लांबवला, वय वाढवून घातलं. हिचे लाड, दुसरं काय!”

बायको शेजारीच बसली होती. हे वाक्य तिनं तीस वर्षं गिळलं होतं. घासाबरोबर गिळलं, औषधाबरोबर गिळलं. आज मांडीवरची पिशवी सारखी करत ती म्हणाली, “बाई, पहिल्यापासून वाचा. माझ्या लाडानं गेला का तो, ते एकदा कळू दे मला.”

“अगं, त्यात ते कुठलं लिहायला?”

“नसेल तर नसेल.”

बाईंनी वाचलं. नाव. नंबर. वय अठरा.

“चौदा संपून पंधरावं लागलं होतं,” ती म्हणाली.

“दाखल्यावर अठरा आहे, आजी. शाळेचा शिक्का आहे, सही आहे. आणि सोबत...” बाई थबकल्या. मग त्यांनी फाइलच तिच्यापुढे सरकवली.

पत्र होतं. अक्षर मोत्यासारखं, ते तिला दुरूनही ओळखू आलं असतं. ‘मुलगा हूड आहे. त्यास शिस्तीची गरज आहे. सुट्टीत घरी पाठवण्याची आवश्यकता नाही.’ खाली लफ्फेदार सही, दोनदा अधोरेखित.

हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“त्याच्या भल्यासाठीच...”

जन्मभर व्याकरण शिकवलेल्या माणसाला क्रियापद सापडेना.

तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. “दोन सुट्ट्या आल्या न् गेल्या,” ती पत्राशीच बोलल्यासारखी बोलली. “दोन्ही वेळा अंथरूण घालून ठेवलं मी. मला वाटलं, माझ्यावर रुसलाय.”

बाईंना फाइल मिटून टाकावीशी वाटली.

“अजून काय लिहिलंय हो त्याचं?”

“चला आता, उशीर होतोय,” हेडमास्तर म्हणाले. कुणी उठलं नाही.

“तब्येतीची पानं आहेत, आजी. दात निरोगी. भरतीच्या दिवशी उंची पाच फूट एक इंच. नंतर...” बाईंनी शेवटचं पान काढलं. “ही शेवटची तपासणी. जहाज बुडालं त्याच्या आदल्या महिन्यातली. पाच फूट चार.”

“चार?”

“हो. तीन इंच वाढला होता.”

तिनं अंगठा आणि बोट ताणून तेवढं अंतर हवेत धरलं.

“बाई,” तिनं विचारलं, “तिथे कपडे वाढत्या अंगाचे शिवतात का हो?”