तांदळाच्या डब्यातला गोळा

आमच्या जंक्शनचं बेंगळुरू झालं. अप्पांच्या मते असं काही झालेलंच नाही. ते इथले जुने स्टेशनमास्तर. त्यांच्या काळी पुढची लाइन मोकळी असल्याची खूण म्हणून ड्रायव्हरच्या हाती लोखंडी गोळा दिल्याशिवाय गाडी पुढे जात नसे. विजेचे सिग्नल आल्यावर शेवटचा गोळा अप्पांनी घरी आणून तांदळाच्या डब्यात ठेवला. "गोळा माझ्याकडे, म्हणजे त्यानंतर गाडी आलीच नाही." गाडी नाही म्हणून माणसं नाहीत, आयटी पार्क नाही, ट्रॅफिक नाही. "सरी, बरं," आई म्हणायची, "मग खाली हॉर्न कोण मारतंय, माझ्या माहेरचे?" मंगळवारी तिच्या छातीत कळ आली. हॉस्पिटल दोन किलोमीटरवर. अप्पांनी निघताना गोळा खिशात घातला. बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये ॲम्ब्युलन्स तासभर अडकली. "स्वल्प थांबा, अण्णा," ड्रायव्हर म्हणाला. आईचा हात गार पडत होता. अप्पांनी दोन्ही हातांनी गोळा त्याला दिला. "हा घे. निघ." गाडी हलली नाही.

आईच्या तेराव्याला त्यांनी मला अर्ज लिहायला बसवलं: "मा. विभागीय अधिकारी यांस. सदर लाइनीवर गोळ्याविना आलेल्या सर्व गाड्या, त्यांतून उतरलेल्या माणसांसह व त्यांनी बांधलेल्या शहरासह, आल्या मार्गी परत पाठवाव्यात. नियमाप्रमाणे गोळा ड्रायव्हरच्या हाती दिलेला आहे. आमच्या सौ. भागीरथीबाई गाडीतच आहेत. गाडी मंगळवार सकाळी अकरापासून उभी आहे. तरी पुढच्या स्टेशनाने लाइन क्लिअर द्यावी, ही नम्र विनंती."