संशयाचं कारण

धाड मागून मिळत नसते, हे निरीक्षकाने चौथ्यांदा सांगितलं. मसालेवाली बाई चौथ्यांदा "बरं" म्हणाली आणि मिरपुडीचा डबा त्याच्यापुढे सरकवला.

"समोरच्याकडे घातलीत ना, साहेब? मग माझंच काय वाकडं आहे?"

समोरच्या दुकानावर धाड घालून त्याला सहा महिने झाले होते. मिरपुडीत कोळशाची भुकटी आहे, हे त्याला बोटाला लागताक्षणी कळलं होतं. पण कायदा नवा, सगळं रीतसर हवं. नमुना तीन बाटल्यांत भरायचा, बुचावर लाख ओतून सरकारी शिक्का मारायचा. एक बाटली प्रयोगशाळेत, एक कचेरीत, एक दुकानदाराकडे. ती त्याने न फोडता जपायची. समोरच्याने ती गल्ल्याच्या वर, दर्शनी फळीवर जपली. कुणी विचारलं तर सांगायचा, सरकार स्वतः येऊन आपली मिरपूड घेऊन गेलं. यात अक्षरही खोटं नव्हतं. निरीक्षकाने कायदा दोनदा चाळला. बाटली कुठे ठेवू नये, हे लिहायचं कुणाला सुचलं नव्हतं.

तेव्हापासून सगळा रस्ता शिक्क्याची मिरपूड मागत होता. महिनाअखेर दुकानाला कुलूप लावून भावजयीच्या दारात जाऊन राहावं लागेल, हे बाईने उद्याचा भाव सांगावा तसं सांगितलं.

निरीक्षकाने डबा उघडून वास घेतला आणि लागोपाठ तीनदा शिंकला. मिरीने शिंक येऊन त्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे.

"बाई, यात काहीच नाहीये हो."

"म्हणून तर खपत नाही."

त्याने नाक पुसलं आणि छापील कागद काढला. 'संशयाचं कारण' या रकान्याशी टाक अडला. बाईने मान वाकडी करून रकाना वाचला.

"रंग लिहा ना. फिका आहे. समोरच्याची बघा कशी काळीभोर असते."

हेही खरंच होतं. त्याने लिहिलं.

मेणबत्तीवर लाख वितळेपर्यंत बाईने निकालाची चौकशी केली. वर्ष तरी जाईल, तो म्हणाला. अख्ख्या खात्याचा मिळून सूक्ष्मदर्शक एक, आणि तो बहुतेक दुरुस्तीला असतो. बाईने आपल्या वाटणीच्या बाटलीवर फुंकर घातली, ती फळीवर ठेवली आणि शिक्का रस्त्याकडे फिरवला.

निघताना त्याला राहवलं नाही. माल शुद्ध निघाला तर शिक्का फोडून बाटली परत न्यावी लागते, नियम आहे, असं त्याने सांगून टाकलं.

बाईचा हात बाटलीवरच राहिला.

"साहेब," तिने आवाज खाली आणून विचारलं, "तो सूक्ष्मदर्शक सध्या नीट चालतोय का हो?"